जरा बॅटरी धर

बंद झाकण दिसलं की अप्पांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशातल्या डिसमिसकडे जातो. झाकण कुकरच्या दांड्याचं असो, नळाच्या मीटरचं असो, की लग्नाच्या मांडवात घुरघुरणाऱ्या स्पीकरचं. त्याच्याखाली काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "स्क्रू दिलाय म्हणजे उघडायलाच दिलाय की!" हा त्यांचा युक्तिवाद. ज्या वस्तूला स्क्रूच नाही, नुसती चिकटवून टाकली आहे, ती बनवणाऱ्याच्या हेतूबद्दल त्यांना मनातून शंका असते. मोबाईलवर त्यांचा राग आहे तो नातवंडं त्यात डोकं घालून बसतात म्हणून नव्हे. तो पाठीमागून उघडत नाही म्हणून.

कोरेगावात आमच्या आळीला अप्पा आहेत. तुमच्याकडे कुणाचे तरी मामा असतील, सासरे असतील. लेकीच्या घरी पाहुणे म्हणून जातात आणि चहा यायच्या आत न्हाणीघरातला ठिबकणारा नळ सोडून हातात घेऊन येतात. मग सगळ्या घराचं पाणी बंद, जावई तोंडाला साबण लावून उभा, आणि हे विचारतात, "वायसर कुठं मिळंल हो इथं?" या जातीच्या माणसाला मोडलेल्या वस्तूपेक्षा चालू वस्तूचं आकर्षण जास्त. मोडलेली वस्तू काय, कुणीही उघडेल.

अप्पांची सगळी नोकरी बँकेत रोखपालाच्या पिंजऱ्यात गेली. त्यामुळे त्यांच्या या छंदाला एक शिस्त आहे, जी या जातीत सहसा आढळत नाही. इतरांचं काम संपलं की दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरते, आणि "तशी त्याची गरजच नव्हती" असं म्हणून ती डब्यात पडते. अप्पांच्या बाबतीत हे शक्यच नाही. सोडलेला प्रत्येक बोल्ट ते जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर, जिथून निघाला त्याच जागी टोचून ठेवतात. एक रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बँकेत बसलेला माणूस तो. स्क्रू उरला तर पुन्हा सगळं खोलेल. सगळं जागच्या जागी बसलं की हात पुसत म्हणतात, "बाकी शून्य." हे दोन शब्द ऐकण्यासाठी आम्ही शेजाऱ्यांनी पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणि एकदा देवघरातली फिरती लाईट एवढं सगळं त्यांच्या अंगणात पसरलेलं पाहिलं आहे.

हे वेड त्यांच्या एकट्याचं आहे असं मला वाटत नाही. आमच्या भागाला इंजिनाची सवय जुनी. कोरेगाव तालुक्यातच, सातारा रोड स्टेशनच्या शेजारी पाडळीला, धनजीशा कूपरांचा कारखाना. तिथली डिझेल इंजिनं विहिरीविहिरींवर गेली. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, पण अप्पांच्या लेखी तो किरकोळ तपशील, "मोठा माणूस! इंजिन काढलं त्यानं," एवढंच ते सांगतात. तिकडे खाली, आता सांगली जिल्ह्यात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली होतीच. या दोन कारखान्यांच्या मधल्या पट्ट्यात जो पोरगा वाढला, त्याला शाळेत पाढे म्हणायच्या आधी इंजिनाचं हँडल मारायला लावलेलं असतं. अप्पांच्या वडिलांचं इंजिन वसना नदीच्या बाजूच्या मळ्यात होतं. ते बंद पडलं की पोत्यावर पोतं अंथरून, सगळे भाग ओळीत मांडून उघडलं जायचं, आणि लहानग्या अप्पांचं काम एकच असायचं: कंदील धरणं. "वर! वर धर! माझ्या डोळ्यात कशाला मारतोस?" हे जे त्यांनी तेव्हा ऐकलं, ते आज आम्ही ऐकतो.

तर या माणसाच्या दारात पुण्याच्या मुलाने एक दिवस आपली जुनी गाडी आणून लावली. मुलाने नवी घेतली होती. "अप्पा, ही ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही. माईला घेऊन आरामात साताऱ्याला जात जा."

पहिला महिनाभर अप्पांच्या डाव्या पायाला हे कुणी सांगितलंच नाही. गाडी हळू करायची वेळ आली की डावा पाय सवयीने क्लच शोधायचा, त्याला ब्रेक सापडायचा, आणि तो क्लच दाबावा तसा तळापर्यंत दाबला जायचा. त्रिपुटीच्या पुढे एका म्हशीपायी माईंचं कपाळ समोर आपटलं, माहुलीला कृष्णेच्या पुलाच्या तोंडाशी मागच्या टेम्पोवाल्याने जे काही म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. शेवटी माईंनी उपाय काढला. गाडीत बसल्यावर त्या अप्पांच्या डाव्या पायातली चप्पल काढून आपल्या पायाशी ठेवायच्या. अनवाणी पायाला आपण आज सुट्टीवर आहोत हे बरोबर कळतं, असा त्यांचा शोध होता, आणि तो खरा ठरला.

पाय बसला, पण मन बसेना. क्लच नाही, तरी गाडी गिअर बदलते. कोण बदलतं? अप्पांनी महिनाभर हा प्रश्न भेटेल त्याला विचारला. आळीतल्या एकाने स्वतःच्या नव्या छोट्या गाडीचा दाखला दिला, "माझीपण ऑटोमॅटिकच आहे की." त्यावर अप्पांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं. "तुझी एएमटी. २०१४ ला मारुतीनं सेलेरिओत आणली ती. तुझ्या गाडीत क्लचपण हाय, गिअरपण साधेच हायेत. फक्त तुझ्याऐवजी यंत्र क्लच दाबतंय. डायव्हर बदललाय, गाडी तीच. माझ्या गाडीत मधी तेल हाय तेल. लोखंडाला लोखंड लागतच न्हाई." तो गृहस्थ नंतर बरेच दिवस मागच्या बोळाने जात होता.

"लोखंडाला लोखंड लागतच नाही" हे पटवून देण्यासाठी अप्पांनी भर उन्हाळ्यात ओट्यावर दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एकाची वायर लावली, दुसऱ्याची नाही. पहिला सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा आपोआप फिरायला लागतो. "हा पहिला म्हणजे इंजिन. हा दुसरा म्हणजे गिअरबॉक्स. आणि वाऱ्याच्या जागी तेल. याला म्हणतात टॉर्क कन्व्हर्टर!" प्रयोग यशस्वी झाला. दुसरा पंखा डौलात फिरला. त्याच्या पलीकडे साडीवर वाळत घातलेल्या माईंच्या कुरडयाही डौलात उठल्या आणि निम्म्या गटारात गेल्या. माई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पहिल्या पंख्याची वायर काढली, आणि एका क्षणात इंजिनही बंद आणि गिअरबॉक्सही.

एकदा मधे तेल आहे म्हटल्यावर ते कधी बदललं होतं, हा प्रश्न येणारच. मुलाला फोन गेला. मुलगा म्हणाला, "अप्पा, ते बदलावं लागत नाही. लाईफटाईम असतं."

"लाईफटाईम म्हणजे कुणाचा लाईफटाईम? तेलाचा, का गिअरबॉक्सचा?"

पुण्याहून उत्तर आलं नाही. मग अप्पांनी गाडीचं पुस्तक भिंग लावून वाचायला घेतलं, जे भारतात फार थोड्या लोकांनी केलं असेल. तिथे मागच्या पानावर, बारीक अक्षरात, 'कठीण परिस्थितीत' गाडी चालत असेल तर हे तेल ठरावीक अंतरानंतर बदलावं असं लिहिलेलं सापडलं. कठीण परिस्थिती म्हणजे काय, तेही दिलं होतं: धूळ, कडक ऊन, चढउताराचे रस्ते, सतत थांबत-थांबत चालणं. अप्पांनी चष्मा काढला. "अगं, हे तर आपल्या तालुक्याचं वर्णन हाय!" गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागून ज्याने कोरेगाव ते सातारा गाडी चालवली आहे, त्याला हे पटायला भिंग लागणार नाही.

साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने आकडा सांगितला. तो ऐकून अप्पांनी त्याचा हिशेब मागितला: तेल किती, फिल्टर कितीचा, मजुरी किती. गॅरेजवाला म्हणाला, "काका, ऑटोमॅटिकच्या नादी लागू नका. चालतंय तवर चालू द्या." हे वाक्य अप्पांसारख्या माणसाला बोलायचं नसतं. 'नादी लागू नका' ही त्यांना सूचना वाटत नाही, निमंत्रण वाटतं.

तेल आणायला ते स्वतः गेले. दुकानदाराने लाल रंगाची एक बाटली पुढे केली. "हेच लागतं ऑटोमॅटिकला. लालच असतंय."

"रक्तबी लालच असतंय की! म्हणून कुणाचंबी कुणाला चढवता काय?" अप्पांनी वहीतून उतरवून आणलेलं तेलाचं नाव आणि वर्गवारी काउंटरवर ठेवली. त्यांचं बरोबरच होतं. या तेलाचा लाल रंग हा गुण नाही, नुसती खूण आहे. गळायला लागलं तर इंजिन ऑईलपेक्षा वेगळं ओळखू यावं म्हणून मुद्दाम घातलेली. खरा फरक पोटात असतो. हे एकच तेल वंगणही करतं, उष्णताही वाहून नेतं, दाब देऊन आतले क्लच आवळतं आणि इंजिनाची ताकदही पुढे पोचवतं. वर त्याने आतल्या क्लचच्या चकत्यांना घसरू द्यायचं, पण जास्त नाही. धरू द्यायचं, पण धक्क्याने नाही. अमेरिकेत ओल्ड्समोबीलने १९४० सालच्या गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स द्यायला सुरुवात केली, आणि त्यानंतर बरीच वर्षं हा नेमका तोल साधायला या तेलात स्पर्म व्हेल माशाचं तेल घालत असत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे व्हेलच्या तेलावर बंदी आली तेव्हा रसायनवाल्यांची चांगलीच पळापळ झाली.

ही व्हेलची गोष्ट अप्पांनी पारावर सांगितली आणि पंचाईत करून घेतली. आमच्या आळीत एक माळकरी आजोबा आहेत. दर एकादशीला त्यांना अप्पांच्या गाडीतून देवळात सोडावं लागतं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मंजी त्या गाडीत मासा हाय?" आता नसतो, सगळं कारखान्यात बनवतात, हे अप्पांनी परोपरीने सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि पुढची एकादशी पायी गेले. त्याच्या पुढच्या एकादशीला गुडघे दुखत होते, तेव्हा म्हणाले, "बंदी आली म्हणालास न्हवं? चल मग."

आणि मग तो रविवार. या जातीच्या माणसाचं काम रविवारीच निघतं, कारण रविवारी हाताखाली माणसं घरी असतात. आणि खरं सांगायचं तर, काम हे निमित्त. माणसं हीच मुख्य गोष्ट. एकट्याने काम करायचं अप्पांच्या कल्पनेत बसत नाही. प्रत्येकाला हुद्दा ठरलेला. आयटीआयला जाणारा शेजारचा पोरगा पाने देणार. त्याला या विषयातलं खरं ज्ञान होतं, म्हणून त्याचं कुणी ऐकत नव्हतं. माई स्टिअरिंगवर. आणि माझ्याकडे तो पुरातन, अपमानास्पद, बिनबढतीचा हुद्दा आला.

"लेका, जरा बॅटरी धर."

बॅटरी धरणं हे काम ज्याने लहानपणी वडिलांसाठी केलं आहे त्याला मी काय सांगू. उजेड कुठे हवा ते फक्त अप्पांना माहीत, आणि अप्पा गाडीखाली. बाहेर दिसतात ते पाय. त्या पायांवरून आपण अंदाज बांधायचा. "इकडं! न्हाई, इकडं रं!" हा 'इकडं' कुठला हे दाखवायला त्यांचा हात मोकळा नसतो. आपण सरकवलेला उजेड नेमका तेवढीच एक जागा सोडून बाकी सगळ्या गिअरबॉक्सवर पडतो. त्यातून "तुझं लक्ष कुठाय?" असा प्रश्न आला की समजावं, आपलं लक्ष बरोबर जागी आहे, अप्पांचा पाना चुकलाय.

गाडी आधी बाजारापर्यंत फिरवून आणून तेल कोमट केलेलं होतं. कोमट तेल पातळ होऊन नीट निथळतं. मग सपाट जागेवर जॅक लावून दोन लोखंडी घोड्या खाली घातल्या. घोड्यांवर भरवसा असूनही अप्पांनी बाजूला स्टेपनी आडवी सरकवली. "धनादेशावर दोन सह्या लागतात." जॅकच्या एकट्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्यांना ते मूर्ख म्हणतात. या एका बाबतीत मी त्यांच्याशी कधीच वाद घातला नाही.

गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरखाली माईंची पितळी परात ठेवली होती. माईंच्या स्वयंपाकघरातून त्या दिवशी परातीशिवाय नरसाळं, दुधाचं लिटरचं माप, चहाची जुनी गाळणी आणि स्वयंपाकाचा डिजिटल काटा एवढं साहित्य मोहिमेवर गेलं होतं. काटा कशाला, हे कुणाला कळलं नव्हतं.

या चेंबरला तेल सोडायचा बोल्ट होता, तेव्हा पहिलं तेल शहाण्यासारखं परातीत उतरलं. लाल म्हणून ख्याती असलेलं ते तेल बाहेर आलं तेव्हा काळपट तपकिरी होतं. अप्पांनी बोट बुडवून वास घेतला. "जळका न्हाई. वाचलो." त्यानंतर चेंबरचे कडेचे बोल्ट. आयटीआयवाला म्हणाला, "अप्पा, सगळे एकदम नको. एका कोपऱ्यातले ढिले ठेवा, चेंबर तिरका करून उरलेलं काढू." अप्पा म्हणाले, "मला शिकवतोस?" आणि सगळे बोल्ट काढले. चेंबर पॅकिंगला चिकटून जागेवर राहिला. त्यांनी डिसमिसने त्याला जरा उचकटलं. आत राहिलेलं तेल परातीच्या कडेवरून शहाबादी फरशीवर, फरशीवरून माईंच्या रांगोळीत आणि रांगोळीतून दारापर्यंत गेलं. गाडीखालून फक्त एक वाक्य आलं: "पेपर टाका! हालवू नका! जसाच्या तसा टाका!"

आम्ही रद्दीतले अंक टाकले. तेल टिपलं गेलं. मी ते गोळा करून कचऱ्यात टाकणार तोच अप्पा सरपटत बाहेर आले. "थांब. ते खर्ची टाकायचं हाय." मग काट्याचं प्रयोजन कळलं. त्यांनी तेवढ्याच पानांचे कोरडे अंक आधी काट्यावर ठेवले, वजन टिपलं. मग तेलकट अंक ठेवले. फरक १७० ग्रॅम. हे तेल पाण्यापेक्षा हलकं, एका मिलिलिटरला साधारण ०.८५ ग्रॅम; म्हणजे २०० मिलिलिटर. परातीतलं मापाने भरलं २ लिटर ९००. काढलेला फिल्टर खिळ्याला टांगून वाटीत निथळलेलं ५०. वहीत बेरीज झाली: ३ लिटर १५०.

"काढलं तेवढंच घालायचं. जास्त झालं तर फेस येतो, कमी झालं तर गिअर घसरतो."

मी रद्दी तोलणारे पुष्कळ पाहिले आहेत. सांडलेल्या तेलाचा हिशेब लागावा म्हणून रद्दी तोलणारा माणूस फक्त कोरेगावच्या त्या अंगणात पाहिला. आणि गंमत म्हणजे या कामात हाच शहाणपणा उपयोगी पडतो. कुणाही जाणत्या मेस्त्रीला विचारा, निघालेलं तेल मोजा असंच तो सांगेल.

चेंबरच्या तळाशी एक चपटं चुंबक होतं. त्यावर करड्या रंगाचा मऊ चिखल. अप्पांनी तो बोटांत चोळला. नोटांच्या गड्ड्या मोजून तयार झालेली बोटं ती. "भुकटी हाय. चुरा न्हाई." क्लचच्या आणि गिअरच्या झिजेची बारीक भुकटी चुंबकावर जमायचीच, टोचणारे तुकडे सापडले तर मात्र आत काहीतरी तुटतंय असं समजायचं. ते चुंबक त्यांनी पुसून उन्हात धरलं, आळीतल्या झाडून सगळ्यांना दाखवलं आणि मग जागेवर बसवलं. सगळ्या मोहिमेतला त्यांचा सर्वात आनंदाचा क्षण हाच असावा. गेल्या कित्येक वर्षांत त्या झाकणाखाली काय चाललं होतं, ते कळलं होतं.

नवा फिल्टर बसेना. अप्पांनी दाबला, आयटीआयवाल्याने दाबला. मग पोरगा हळूच म्हणाला, "जुन्याची ओ-रिंग वरच राहिली असंल. दोन रिंगा एकावर एक." मी बॅटरी मारली, आणि खरोखरच ती काळी रिंग भोकात बसून होती. अप्पा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुठ्ठ्यावर रिंगेची जागा काढली न्हवती. चूक पुठ्ठ्याची." पण त्यानंतर पोराला चहा दुसऱ्यांदा मिळाला, आणि बोल्ट आवळताना टॉर्क पाना त्याच्या हातात दिला गेला. हा पाना अप्पांनी याच कामासाठी विकत घेतला होता. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट जास्त आवळला की आटे जातात, म्हणून ठरलेल्या जोराला तो 'टक' असा आवाज करतो. अप्पांचा मशीनवर विश्वास नसल्यामुळे प्रत्येक बोल्टाला दोनदा 'टक' झालं. आता माईंच्या कुकरचा दांडाही त्याच पान्याने आवळला जातो.

तेल डिपस्टिकच्या नळीतून घालायचं होतं. नरसाळं तिथे उभं राहीना, तेव्हा पुढे जाड प्लास्टिकची नळी जोडली. अप्पा ओतणार, मी नरसाळं धरणार (ही बढती होती), आणि मग माईंचं काम. इंजिन सुरू करून ब्रेकवर पाय ठेवायचा आणि गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असा एकेका जागी थांबवत फिरवायचा, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. अप्पा बाहेरून पुकारत होते, "पी! आर! यन! डी!" माई दांडा हलवत होत्या. तिसऱ्या फेरीला माईंनी विचारलं, "अहो, मग हे 'डी'त टाकलं आणि पाय काढला, की गाडी चालती?"

"चालती."

"एवढंच?"

अप्पांनी डिपस्टिक पुसत पुसत माईंकडे बघितलं. त्यांना पुढे काय होणार हे कळायला हवं होतं. पुढच्या महिन्यात माईंनी लायसन्सचा अर्ज भरला, आणि सकाळी सकाळी मोकळ्या मैदानावर अप्पांची गाडी गोल गोल फिरताना लोकांनी पाहिली. माईंच्या डाव्या पायाला जुनी सवय नव्हती, म्हणून चप्पल काढावी लागली नाही. आता साताऱ्याला त्याच नेतात. अप्पा शेजारी बसतात, कान गिअरबॉक्सकडे, हात गुडघ्यावर. "आता दुसरा पडला... आता तिसरा... धक्का बसला का? न्हाई बसला. बघ, तेल बदलल्याचा फरक!" माई म्हणतात, "गप बसा. ट्रॅक्टर आहे पुढं."

त्या रात्री अप्पांनी वही पुरी केली. तेल, फिल्टर, पॅकिंग, घोड्या, टॉर्क पाना, नवं नरसाळं, आणि माईंनी आग्रहाने घालायला लावलेली पितळी परातीची कल्हई. बेरीज गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या वर गेली. अप्पांनी घोड्या आणि पाना 'भांडवली खर्च' म्हणून वेगळे काढले, आणि मग बचत दिसली. बँकेतल्या माणसाकडून हे शिकावं.

पण एका गोष्टीने त्यांची झोप उडवली. चेंबरमधलं तेल निघालं, टॉर्क कन्व्हर्टरमधलं आणि कूलरच्या नळ्यांतलं नाही. निम्म्याच्या आसपास जुनं आतच राहिलं. काही महिन्यांनी पुन्हा तेवढंच बदललं तर नवं होतं पंचाहत्तर टक्के, तिसऱ्यांदा साडेसत्याऐंशी. चौथ्यांदा पावणेचौऱ्याण्णव. वहीत त्यांनी दहाव्या वेळेपर्यंत हिशेब नेला. शंभर काही होईना. रोखपालाच्या आयुष्यात प्रथमच अशी बाकी आली होती, जी शून्य होणं गणिताला मान्य नव्हतं. "थोडं जुनं राहतंच बघ," ते मला उदासपणे म्हणाले.

आतून माईंचा आवाज आला, "तुमच्यात नाही का सासूबाई राहिल्या? तसंच."

जुनं तेल त्यांनी मातीत ओतलं नाही, बाटल्यांत भरून वर तारीख घातली आणि गॅरेजच्या ड्रममध्ये द्यायला म्हणून ठेवलं. दिलं थोडंच, बाकीचं आळीतल्या लोखंडी फाटकांच्या बिजागऱ्यांना गेलं. आता कुणाचंही फाटक कुरकुरत नाही, आणि कुणाच्याही पांढऱ्या लेंग्यावर तपकिरी डाग सापडतो.

परवा मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. म्हणाला, "अप्पा, ती गाडी काढून टाकू आता. मी विजेवरची घेतोय, माझी ही तुम्हाला देतो. नाहीतर तुम्हालाच विजेवरची घेऊ. काही कटकट नाही. इंजिन नाही, गिअर बदलणं नाही."

अप्पांचा चेहरा पडला. "म्हणजे त्यात काहीच न्हाई?"

"मोटर आहे. तिला एकच गिअर, वेग कमी करायला."

"गिअर हाय म्हणतोस?"

"एकच आहे, अप्पा."

"मग तेल असणार."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. "असतं थोडं. पण ते लाईफ..."

"ड्रेन बोल्ट हाय का?" अप्पांनी खिशातून पेन काढलं, मला खुणेने वही आणायला सांगितली. "किती नंबरचा हाय तेवढं बघून सांग. आन् हे बघ, अंदाजे सांगू नकोस. पाना लावून बघ."